घोड्याच्या पाठीवरील भार व पैजेचें एकमुख

आष्टी हें नांव धारण करणारीं गांवें महाराष्ट्रांत अनेक आहेत, व इतिहासाच्या लिखाणांत त्यांची गल्लत वारंवार होते. ता. २० फेब्रुवारी १८१८ रोजीं बापू गोखले जेथें पडले तें आष्टी सोलापूरकडील, मोहोळजवळचें. १९४२ च्या आंदोलनांत ज्याचें नांव गाजलें तें वर्धा जिल्ह्यांतील. बीड जिल्ह्यांतील आष्टी हें तालुक्याचें ठिकाण. प्रस्तुत टिपणांत ज्या आष्टीवरून आम्ही आरंभ करतों तें ह्यांपैकीं कोणतेंच नव्हे. तें जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यांतील होय. हें गांव १९४८ पर्यंत निझामाच्या राज्यांत होतें, १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मुंबई राज्यांत आलें, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आलें, आणि १ मे १९८१ रोजीं परतूर तालुक्याबरोबर परभणी जिल्हा सोडून नव्या जालना जिल्ह्यांत गेलें.

येथें शर्यतीचें मैदान नाहीं. थॉरोब्रेड घोड्यांच्या शर्यतींचीं मैदानें आज महाराष्ट्रांत दोनच, एक मुंबईस महालक्ष्मीचें व दुसरें पुण्याच्या लष्करांतील. मग आष्टीचा व रेसच्या घोड्याचा संबंध काय, असें वाचक विचारतील. संबंध असा कीं, घोड्यावर लावलेली पैज कोठें उभें राहून लावली ह्यावर ती गुन्हा कीं करमणूक हें आपल्याकडे ठरत आलें आहे. मैदानाच्या आवारांत उभें राहून पाहणाऱ्यास ही गोष्ट सहसा जाणवत नाहीं. आष्टीच्या बाजारांत उभें राहिलें म्हणजे ती लगेच जाणवते.

प्रथम शब्दांकडे पाहूं. शर्यत हा शब्द अरबी ‘शर्त’ ह्यापासून आला. त्याचा मूळ अर्थ अट, करार. धांवण्याची स्पर्धा हा अर्थ मागून चिकटला. पैज हा शब्द संस्कृत ‘प्रतिज्ञा’ ह्याचें प्राकृतांतून आलेलें रूप, व ज्ञानेश्वरींत तो प्रतिज्ञा ह्याच अर्थानें येतो. म्हणजे आमच्या भाषेंत स्पर्धेचें नांव करारावरून व होडीचें नांव प्रतिज्ञेवरून पडलें. इंग्रजीतील ‘हँडिकॅप’ ह्या शब्दाची कुळकथाही ह्यास जुळणारीच आहे. दोघे गृहस्थ आपापली वस्तु अदलाबदलीस काढीत. तिसरा त्रयस्थ दोहोंच्या किंमतींतील अंतर ठरवी, व दोघे टोपींत हात घालून त्याचा निवाडा मान्य कीं अमान्य तें दाखवीत. सॅम्युएल पेपिस ह्यानें १६६० सालच्या रोजनिशींत हा खेळ नव्यानें पाहिल्याचें नमूद केलें आहे. ह्या खेळांतील त्रयस्थच पुढें शर्यतीच्या मैदानावर आला आणि दोन वस्तूंऐवजीं दोन घोड्यांतील अंतर मोजूं लागला. त्याचें माप वजन हें होतें.

पैजेविषयीं आमच्या धर्मशास्त्रांत जें सांपडतें तें अर्वाचीन कायद्याच्या अभ्यासकांनीं फारसें लक्षांत घेतलेलें दिसत नाहीं. मनूनें द्यूत व समाह्वय असा भेद केला आहे. निर्जीव वस्तूंनीं खेळतात तें द्यूत, सजीव प्राण्यांस झुंजवून वा पळवून खेळतात तो समाह्वय. मनूच्या मतें राजानें दोन्ही राज्याबाहेर घालवावींत. याज्ञवल्क्याची दृष्टि निराळी. तो द्यूताचें घर चालविणाऱ्या सभिकास मान्यता देतो, त्याचा वाटा ठरवून देतो, राजानें त्याचें रक्षण करावें व त्यानें राजाचा ठरलेला भाग पोंचवावा असें सांगतो. मोठ्या पणावर सभिकाचा वाटा शेंकडा पांच, इतर ठिकाणीं शेंकडा दहा. खोटे फांसे वापरणाऱ्यास राजानें खूण करून हद्दपार करावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, चोर ओळखतां यावेत म्हणून द्यूत ‘एकमुख’ असावें, अर्थात् एकाच नेमलेल्या ठिकाणीं चालावें, व हाच नियम प्राण्यांच्या पैजेस, म्हणजे समाह्वयास, लागू करावा, असें तो म्हणतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतही हेंच एकमुखाचें तत्त्व आहे. तेथें अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड सांगितला आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वरानें कल्याणीस, चालुक्य विक्रमादित्य सहावा ह्याच्या कारकीर्दींत लिहिली. आजचा मराठवाडा त्या वेळीं त्याच चालुक्यांच्या सत्तेखालीं होता. एकमुखाचा नियम ह्या भूमीस परका नव्हे, एवढें ह्यावरून म्हणतां येतें. प्रत्यक्ष अंमल किती होता हा प्रश्न वेगळा. स्मृति म्हणजे कोर्टाचें दफ्तर नव्हे.

आतां घोड्यांकडे वळूं. जालना जिल्ह्याचा उत्तर भाग इतिहासांत प्रसिद्ध आहे तो असईच्या लढाईनें. ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं केळणा व जुई ह्या नद्यांच्या दुआबांत शिंदे-भोसल्यांच्या फौजांशीं आर्थर वेलस्लीची गांठ पडली. त्या दिवशीं वेलस्लीच्या मांडीखालचा एक घोडा गोळीनें पडला व दुसऱ्यास भाला लागला. हा दुसरा करडा अरबी होता, आणि त्याचें नांव डायोमेड. कर्नल अ‍ॅस्टन द्वंद्वयुद्धांत मरण पावला तेव्हां तो वेलस्लीकडे आला होता. ह्याच नांवाच्या एका घोड्यानें १७८० सालीं इंग्लंडांत एप्सम येथें पहिली डर्बी शर्यत जिंकली होती. त्याचा मालक सर चार्ल्स बनबरी. इंग्रज अधिकारी लढाईवर येतांना शर्यतीच्या मैदानाचें जग कसें बरोबर आणीत, ह्याचें हें लहानसें चिन्ह आहे. छावणी पडली कीं परेडीच्या मैदानाशेजारीं शर्यतीची वाट आंखली जाई. मुंबईस भायखळ्याच्या मैदानावर व पुढें पुण्याच्या लष्करांत शर्यती सुरू झाल्या त्या ह्याच रीतीनें. मुंबईच्या टर्फ क्लबाची स्थापना १८०२ ची धरतात. १८८३ च्या सुमारास शर्यती भायखळ्याहून महालक्ष्मीस गेल्या, व १९३५ त क्लबाच्या नांवामागें ‘रॉयल’ हें पद लागलें.

मराठ्यांस घोडा पारखण्याची विद्या नवी नव्हती. भीमथडीच्या तट्टाचें नांव अद्याप लोकांच्या तोंडीं आहे. पण शिलेदाराची पारख निराळी होती. दाणा थोडा, मजल लांब, रात्र उघड्यावर, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां खोगीर, हें सोसणारा घोडा त्याला हवा असे. मैल-दीड मैलाच्या वाटेवर एक लांबी पुढें येणाऱ्याचें त्याला काय कौतुक? ह्यामुळेंच मुंबईच्या मैदानावर प्रथम मान मिळाला तो बसरा व कुवेत येथून गलबतांनीं येणाऱ्या अरबी घोड्यास. पुढें ऑस्ट्रेलियांतून वेलर आले, इंग्लंडांतून थॉरोब्रेड आले, आणि अरबास वजनाची सूट दिल्यावांचून त्याला स्पर्धेंत उभें करतां येईना. गंमत अशी कीं, थॉरोब्रेड ही जातच सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडांत नेलेल्या तीन पूर्वेकडील घोड्यांपासून पुरुषपरंपरेनें उतरली आहे. नातवाच्या बरोबरीस यावें म्हणून आजोबाच्या पाठीवरचें ओझें उतरवावें लागलें!

ह्या ओझ्याची विद्या नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सारा वाद तिच्यावर उभा आहे. वजनाच्या शर्यती मुख्यत्वें दोन प्रकारच्या. एका प्रकारांत वय व लिंग पाहून सर्वांस ठराविक वजन देतात. उत्तम घोडा कोणता हें ठरविणें हा तिचा हेतु. भारतीय डर्बी ही ह्या जातीची. ती १९४३ पासून महालक्ष्मीस होते, दीड मैलाची, आजच्या मापानें २४०० मीटरची आहे, व चार वर्षांच्या भारतांत जन्मलेल्या घोड्यांसाठीं आहे. घोडीस घोड्यापेक्षां दीड किलो कमी वजन असतें. पहिल्याच वर्षीं ती बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ ह्या घोडीनें जिंकली.

दुसरा प्रकार हँडिकॅपचा. त्यास आम्ही भारशर्यत म्हणतों. हिचा हेतु नेमका उलट. येथें भार ठरविणारा अधिकारी प्रत्येक घोड्याची मागील कामगिरी पाहून त्यास गुण देतो, व जास्त गुणांच्या घोड्यावर जास्त वजन चढवितो. तत्त्वतः सर्व घोडे एकाच क्षणीं रेषेवर यावेत अशी त्याची योजना असते. भारतांत आज एका गुणास अर्धा किलो असा हिशेब आहे. समजा, एकाचे गुण ६० व दुसऱ्याचे ५०. तर पहिल्यानें दुसऱ्यापेक्षां ५ किलो अधिक वाहावयाचे. जॉकी हलका असेल तर उरलेलें वजन शिशाच्या पट्ट्या खोगिराच्या कप्प्यांत घालून भरतात, व शर्यतीच्या आधीं आणि नंतर जॉकीस खोगिरासह कांट्यावर बसवितात. मैलभराच्या शर्यतींत दोन पौंड म्हणजे सुमारें एक घोडालांबी, असा इंग्रज जाणत्यांचा ढोबळ आडाखा आहे.

ह्या विद्येस शास्त्राचें रूप दिलें तें अ‍ॅडमिरल हेन्री राउस ह्यानें. आरमारांतून निवृत्त झाल्यावर त्यानें वय, महिना व अंतर ह्यांप्रमाणें वजनाचें कोष्टक तयार केलें, व १८५५ पासून तो इंग्लंडांत सार्वजनिक भारनियोजक झाला. भाराचा परिणाम पाहावयाचा तर मेलबर्न कपाइतकें चांगलें उदाहरण नाहीं. ही दोन मैलांची भारशर्यत १८६१ त सुरू झाली. १८९० सालीं ‘कारबाइन’ ह्यानें १० स्टोन ५ पौंड, म्हणजे सुमारें ६६ किलो, पाठीवर घेऊन ३९ घोड्यांत पहिला क्रमांक मिळविला. भारनियोजकाचा हिशेब त्यानें चुकीचा ठरविला. ‘फार लॅप’ ह्याची कथा उलट आहे. १९३० त तो ९ स्टोन १२ पौंडांवर जिंकला. पुढल्या वर्षीं त्याच्यावर १० स्टोन १० पौंड, म्हणजे ६८ किलो, चढविले, आणि तो आठवा आला. घोडा तोच, वाट तीच. अधिक होते ते बारा पौंड. सारी विद्या त्या बारा पौंडांतच होती असें मात्र आम्ही म्हणत नाहीं, कारण घोड्यालाही दिवस असतो.

ह्या पद्धतींत एक छिद्र उपजतच आहे. जिंकल्यास भार वाढतो, हरल्यास उतरतो. तेव्हां ज्यास मोठ्या पैजेच्या दिवशीं घोडा हलका हवा, त्यानें त्याला आधीं कांहीं दिवस मागें ठेवावें, हा मोह ओघानेंच येतो. पैजेपायीं घोडा मागें ठेवल्याचा संशय जुनाच. १७९१ च्या ऑक्टोबरांत न्यूमार्केट येथें इंग्लंडच्या युवराजाचा ‘एस्केप’ हा घोडा एके दिवशीं हरला व दुसऱ्या दिवशीं वाढलेल्या भावानें जिंकला. जॉकी सॅम चिफनी ह्याच्यावर संशय आला. तेव्हां वर उल्लेखिलेल्या बनबरीनेंच युवराजास कळविलें कीं, चिफनी स्वार असेल तर त्याच्याविरुद्ध कोणीही सभ्य गृहस्थ आपला घोडा उतरविणार नाहीं. युवराजानें न्यूमार्केट सोडलें. खोटे फांसे टाकणारास हद्दपार करा, ह्या याज्ञवल्क्याच्या आज्ञेचें हें इंग्रजी रूपच म्हणावयाचें. फक्त येथें हद्दपारी जॉकीवरून सुरू होऊन राजपुत्रापर्यंत गेली.

आतां पैज. मैदानाच्या मराठींत घोड्याचा ‘भाव’ म्हणतात. धान्यबाजारांतून आलेला हा शब्द अगदीं योग्य आहे, कारण बुकी हा मूलतः भाव लावणारा व्यापारीच असतो. त्याचा नफा कोठून येतो हें एका हिशेबानें उघड होईल. चार घोडे अगदीं बरोबरीचे आहेत असें समजा. खरा भाव प्रत्येकाचा एकास तीन व्हावयास हवा. बुकी देतो एकास अडीच. चौघांनीं चार घोड्यांवर शंभर-शंभर रुपये लावले, तर त्याच्या हातीं आले ४००. कोणताही घोडा जिंको, त्यास मुद्दलासह द्यावयाचे ३५०. राहिलेले ५०, म्हणजे शेंकडा साडेबारा, त्याचे. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. घोडे जितके बरोबरीचे, तितका प्रत्येकास आपला घोडा येईल असें वाटतें, आणि तितक्या पैजा चहूंकडे वांटल्या जाऊन बुकी निर्धास्त होतो. भारनियोजक आपल्या परीनें न्याय करीत असतो. पण त्याच्या न्यायानेंच पैजेचा बाजार भरतो. आमच्या मतें भारशर्यतीच्या सर्व इतिहासांत ह्याहून महत्त्वाची गोष्ट नाहीं, आणि मैदानाच्या स्तुतिपाठकांनीं ती सहसा सांगितलेली नाहीं.

बुकीस बाजूस सारण्याची दुसरी रीत फ्रान्सांत निघाली. १८६० नंतरच्या दशकांत पॅरिसच्या जोसेफ ओलेर ह्यानें सर्वांचे पैसे एका पेटींत जमा करून, खर्चाचा ठराविक भाग काढून, उरलेले विजेत्यांत वांटण्याची पद्धत सुरू केली. १९१३ त न्यूझीलंडांत ऑकलंडजवळ एलर्स्ली येथें जॉर्ज ज्यूलियस ह्यानें ह्याच कामाचें स्वयंचलित यंत्र उभारलें. त्यास टोटलायझेटर म्हणतात. आमचे लोक ‘टोट’ म्हणतात. सभिकाचा वाटा पणाच्या ओघांतूनच कापून घ्यावयाचा, हें स्मृतीतलें तत्त्व येथें लोखंडी चक्रांवर चढलेलें दिसतें.

मुंबई सरकारनें १८८७ सालीं जुगारप्रतिबंधाचा कायदा केला, १९१२ त शर्यतीच्या मैदानांस परवाने देण्याचा कायदा केला, व १९२५ त पैजेवर कर बसविला. ह्या तिन्ही कायद्यांस एकत्र वाचलें पाहिजे. जुगार ह्या शब्दाच्या व्याख्येंत पैज येते. पण घोड्याच्या शर्यतीवरील पैज, ती शर्यतीच्याच दिवशीं लावली, परवानाधारकानें त्यासाठीं राखलेल्या आवारांत अथवा सरकारनें मान्य केलेल्या दुसऱ्या ठिकाणीं लावली, आणि परवाना असलेल्या बुकीशीं वा टोटवर लावली, तर ती जुगार नव्हे. याज्ञवल्क्याचा ‘एकमुख’ आणि हें आवार ह्यांत आम्हांस तरी तात्त्विक भेद दिसत नाहीं. कायदा रचणाऱ्यांच्या पुढ्यांत मिताक्षरा उघडी होती असें आम्हांस सुचवावयाचें नाहीं. एकाच अडचणींत सांपडलेले दोन राज्यकर्ते एकाच उपायास येऊन ठेपले, एवढेंच. राज्यास जें बंद करतां येत नाहीं त्यास तें एक दार ठेवतें, व दारावर आपला माणूस बसवितें.

वादाची गोष्ट पुढेंच आहे. १८८७ च्या त्याच कायद्यांत आणखी एक कलम आहे: केवळ कौशल्याच्या खेळांस हा कायदा लागू नाहीं. आणि ता. १२ जानेवारी १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें के. आर. लक्ष्मणन् विरुद्ध तमिळनाडू राज्य ह्या प्रकरणांत, घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, तीवरील पैज जुगार नव्हे, असा निर्णय दिला. तो निर्णय मद्रासेकडील कायद्यांवर होता. परंतु त्यांतील तर्क सर्वत्र सारखाच लागतो. घोड्याचें कुळ, शिक्षकाची मेहनत, जॉकीचा हात, आणि ह्या सर्वांचा अभ्यास करणाऱ्या पैजकऱ्याची बुद्धि, ह्यांवर निकाल अवलंबून असतो, असें न्यायालयाचें म्हणणें. तें खोटें नाहीं. पांडू खाडे ह्यांच्यासारख्या मराठी जॉकीनें जें नांव मिळविलें तें कांहीं फांसे टाकून नव्हे.

पण मग दोन प्रश्न उरतात. पहिला भारशर्यतीचा. कुळ, मेहनत व हात ह्यांनीं पडलेलें अंतर पुसून टाकणें हाच जिचा जाहीर हेतु, ती शर्यत कौशल्याची म्हणावी कीं कौशल्य हरावें म्हणून रचलेली? जाणता ह्यावर उत्तर देईल कीं, भारनियोजकाची चूक हुडकून काढणें हेंच पैजकऱ्याचें कौशल्य. कारबाइन वा फार लॅप ह्यांच्या पाठीवरील आंकडे वाचतां येणें हीच विद्या. उत्तर चांगलें आहे, आम्ही तें मान्य करतों. परंतु त्यामुळें दुसरा प्रश्न अधिक टोंचतो. ही जर विद्या असेल, तर ती आवाराच्या कुंपणाबाहेर अविद्या कशी होते? परतूरच्या बाजारांत वा आष्टीच्या चावडीसमोर बसून तोच कागद वाचणारा, तेच गुण व तेंच वजन ताडून तोच घोडा निवडणारा माणूस, त्याच शंभर रुपयांसाठीं गुन्हेगार कां ठरावा? कौशल्याच्या तत्त्वावर ह्याचें उत्तर मिळत नाहीं. एकमुखाच्या तत्त्वावर मिळतें. याज्ञवल्क्यानें कौशल्याचें नांवही घेतलें नाहीं. चोर कळावेत म्हणून एक ठिकाण ठेवा, असें त्यानें सरळ सांगितलें. हा सरळपणा अर्वाचीन निर्णयांत नाहीं, ही आमची तक्रार आहे.

कोणी म्हणेल, गांवांतला गरीब बुडूं नये म्हणून कुंपण हवें. हें कारण हलकें नाहीं. मराठवाड्यांत कर्ज काढून पैज लावणाऱ्याचें घर कसें बसतें हें सांगावयास स्मृति नको. पण गरिबाच्या रक्षणासाठीं कुंपण असेल, तर कुंपणाच्या आंत घ्यावयाच्या करास दुसरें समर्थन शोधावें लागेल. सभिकाचा वाटा शेंकडा पांच ते दहा, व त्यांतून राजाचा भाग, हा याज्ञवल्क्याचा दर आम्ही वर दिला. ता. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर शेंकडा २८, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा ४० असा वस्तु-सेवा कर आहे. आणि एवढा कर परवान्याच्या दाराशीं बसला, कीं कर न देणारा चोरटा बुकी गांवोगांव अधिक बरा भाव देऊं शकतो. ज्यास हुडकण्यासाठीं एकमुख केलें, त्यासच त्यामुळें गिऱ्हाईक मिळतें.

आष्टीच्या माणसास कायद्याच्या आंत राहून पैज लावावयाची झाली तर त्यानें परतूरचें स्टेशन गांठावें. निझामाच्या काळीं झालेल्या त्या लोहमार्गानें पश्चिमेस गेलें तर जालना, मनमाड करीत मुंबई, व नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत महालक्ष्मी. पूर्वेस गेलें तर परभणी, नांदेडवरून हैदराबाद, आणि तेथें मलकपेठचें मैदान. दोन्ही टोंकांस आवार आहे, तिकीट आहे, कांटा आहे. मधल्या साऱ्या वाटेवर, गाडींत शेजारीं बसलेल्या उतारूशीं त्याच घोड्याविषयीं शंभर रुपयांची होड लागली, तर ती जुगार.